तीनशे एकोणीसची हजेरी

रोज सकाळी आठ वाजता मी सव्वीस फोन लावते आणि सव्वीस वेळा एकच शब्द ऐकते. "हजर."

ही पद्धत माझीच. नागपूरला धंतोलीत आमच्या ट्रस्टचं रुग्णालय आहे आणि जिल्हाभर पसरलेली त्याची सव्वीस उपकेंद्रं आहेत. कुठे नरखेडकडे संत्र्याच्या बागेला लागून एक खोली, कुठे कळमेश्वरला कारखान्यांच्या मागे, कुठे कुहीकडे धानाच्या बांध्यांमध्ये. प्रत्येक ठिकाणी एक टेबलफोन. उंदरानं वायर कुरतडली किंवा माकडानं अँटेना वाकवला, हे बाळंतीण अडल्यावर कळण्यापेक्षा सकाळीच कळलेलं बरं, म्हणून मी हजेरी सुरू केली. डॉक्टर लोक हसले. "सुरुचीताई, शाळा आहे का ही?" मी म्हटलं, शाळा-कॉलेजात मला फार दिवस हजर राहू दिलं नाही कोणी, ती हौस इथे भागवते.

ते खरंच आहे. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून लग्न झालं. तेविसाव्या वर्षी इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, आणि आज बावन्नाव्या वर्षी रुग्णालयाचे सगळे फोन माझ्या ताब्यात आहेत. मधलं सगळं शिक्षण बिघडलेल्या यंत्रांच्या मागे फरशीवर बसून झालं. एका मांडीवर इंग्रजी पुस्तिका, दुसऱ्या मांडीवर डिक्शनरी. आमचे हे, मार्तंडराव, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ही फोनशी बोलते. माझ्याशी नाही."

या सगळ्या फोनांच्या मधोमध एक डबा आहे. कागदावर त्याचं नाव सेशन बॉर्डर कंट्रोलर. मी त्याला नाकेदार म्हणते. पूर्वी शहराच्या हद्दीवर जकातीचे नाके असायचे, तसा हा आमच्या आवाजांच्या हद्दीवर बसलेला. डबा एकच असल्यामुळे मी त्याला दोन वेशींवर उभं केलं होतं. एका वेशीबाहेर टेलिफोन कंपनी. तिकडून येणाऱ्या कॉलमधले लबाड ओळखायचे, आणि आतल्या कोणत्याही फोनचा पत्ता बाहेर कळू द्यायचा नाही. दुसऱ्या वेशीबाहेर खेडी. तिथले फोन इंटरनेटवरून दर थोड्या वेळानं येऊन सांगतात, मी अमुक, मी अजून आहे. नाकेदार टिपून घेतो आणि माझ्या स्क्रीनवर त्या नंबरापुढे हिरवा ठिपका लावतो. जो सांगायला येत नाही, त्याचा ठिपका करडा.

एक गोष्ट समजायला मला दोन वर्षं लागली, आणि समजली त्या दिवशी जेवण गेलं नाही. फोनवर आपण समोरच्या माणसाशी बोलतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपण नाकेदाराशी बोलतो. समोरचाही नाकेदाराशीच बोलतो. ते दोन वेगवेगळे कॉल असतात. त्यांची गाठ मारून तो मध्ये बसतो, इकडून घेतो, तिकडे देतो. तिकडे खरोखर कोण आहे, हे फक्त त्याला माहीत.

यंदा जानेवारीत ट्रस्टनं मनावर घेतलं आणि जुना काढून दोन नवे डबे बसवायचं ठरलं. एक कंपनीच्या वेशीवर, एक खेड्यांच्या वेशीवर, म्हणजे एक बसला तरी दुसरा उभा राहील. ते बसवायला ओमप्रकाश आला. छिंदवाड्याचा, तिशीतला, गळ्यात मफलर, बोलणं अर्धं हिंदी अर्धं आमचं. गुरुवारी सकाळी माझ्या खुर्चीमागे उभा राहून तो यादी वाचत होता. तीनशे एकपासून तीनशे सत्तावीसपर्यंत.

"दीदी, केंद्रं सव्वीस सांगितली ना तुम्ही? इथे हिरवे ठिपके सत्तावीस आहेत."

त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ये तीनसौ उन्नीस कौन है?"

"मांडवघाट," मी म्हटलं. "जुनं."

"जुनं म्हणजे?"

"म्हणजे पाण्याखालचं."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला.

मांडवघाट कुही तालुक्यात नदीकाठी होतं. धरणाचं पाणी मागे मागे सरत आलं आणि सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, गाव उठलं. वरच्या माळावर नवं मांडवघाट बसलं. सरळ रस्ते, सारख्या घरांच्या रांगा, सावली देईल असं झाड एकही नाही. आमचं उपकेंद्रही तिकडे गेलं. जुन्या केंद्रात मारोतराव होते. चौकीदार म्हणून नेमलेले, पण पट्टी बांधण्यापासून लसींचा फ्रिज पुसण्यापर्यंत सगळं तेच करायचे. त्यांच्या हजेरीची एक तऱ्हा होती. फोन उचलला की आधी तोंडाजवळच्या जाळीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे, टक टक, आणि मग म्हणायचे, "हजर, म्याडम." मी एकदा विचारलं, हे काहून करता? तर म्हणाले, "कोनाच्या घरी जाच्या आंधी दार वाजवा लागते ना."

गाव हलवताना सगळं सामान ट्रकवर चढलं आणि मारोतराव मागेच राहिले. कशासाठी तरी ते एकटेच डोंगा वल्हवत परत गेले. ट्रकवाल्याला नुसतं "येतोच" म्हणाले. संध्याकाळी डोंगा चिंचेच्या शेंड्याला अडकलेला सापडला. मारोतराव सापडले नाहीत. आठ दिवस गळ टाकले, जाळी टाकली. मग लोक आपापल्या समजुतीनं बोलू लागले. कोणी म्हणे वाहून गेले, कोणी म्हणे भंडाऱ्याच्या बसस्टँडवर पाहिले, दाढी वाढली होती.

कशासाठी गेले, ते मला माहीत आहे. त्या दिवशी दुपारी स्टोअरवाले माझ्या टेबलाशी यादी घेऊन उभे होते. टेबल आलं, फ्रिज आला, वजनकाटा आला, फोन नाही. मी मारोतरावांच्या मोबाइलवर लावला आणि म्हटलं, "फोन तेवढा राहिला हो यादीत. तो आणा बरं, नाही तर माझ्या नावावर येईल." ते म्हणाले, "आन्तो ना, त्यात काय."

एवढंच. वीस सेकंदांचं बोलणं. ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायजाबाईला तर नाहीच.

बायजाबाई त्यांची बायको. पुढे ती नव्या केंद्रात आया म्हणून लागली. नव्या फोनला यादीतला शेवटचा नंबर मिळाला, तीनशे सत्तावीस. पहिल्या सकाळी तिनं "हजर" म्हटलं आणि मग जरा थांबून विचारलं, "म्याडम, अन् त्याईचा फोन? तीनशे एकोनीस?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता.

मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, थांबा, बघते, काही तरी गडबड आहे. पण त्या बाईचा आवाज असा होता, आणि माझ्या छातीवर ते वीस सेकंद असे बसले होते, की स्क्रीनवर दिसलं ते तोंडातून निघून गेलं. "हजर दिसतो आहे."

तेव्हापासून सहा वर्षं, रविवार सोडून रोज, माझी हजेरी तिच्यापाशी संपते आणि ती विचारते, "अन् तीनशे एकोनीस?" आणि मी म्हणते, "हजर."

तिनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही. तेराव्याचं जेवण घातलं नाही. दीर भांडून गेला, सासरच्यांनी बोलणं टाकलं. तिचं एकच. "नागपूरच्या म्याडम रोज सांगते, तो हजर हाये."

मी तो नंबर लावून पाहिला नसेल असं समजू नका. पहिल्या महिन्यातच एकदा लावला होता, दुपारी, खोलीत कोणी नसताना. घंटी वाजली. वीस फूट पाण्याखाली असलेल्या टेबलावर घंटी वाजत होती आणि मी ऐकत होते. सहाव्या घंटीला मी हेडसेट काढून ठेवला. पुन्हा कधी लावला नाही.

*

त्या गुरुवारी सकाळी, ओमप्रकाश यायच्या आधी, बायजाबाईनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि वर एक नवा विचारला.

"म्याडम, काजलचं लगन जमलं. पोरगा चांगला हाये, कयमेश्वरले कंपनीत हाये."

काजल तिची मुलगी. बाप गेला तेव्हा पंधरा वर्षांची होती. आता नर्सिंग करून आमच्याच केंद्रात सुया टोचते.

"अरे वा! अभिनंदन, बायजाबाई."

"ते जाऊ द्या. शनवारी बारा वाजेपर्यंत कुहीच्या प्रेसवाल्याले पत्रिकेचा मजकूर द्या लागते. पोरगी रोज डोकं खाऊन राहिली. बापाच्या नावामांगं काय लावू, विचारते. श्री लावू का कै. लावू?"

मागून काजलचा आवाज आला. "आई, असं नको ना विचारू वं त्यायले!"

"तू चूप वं. म्याडमलेच ठाऊक हाये." मग पुन्हा मला, हळू आवाजात, "तुमी सांगान ते छापते. श्री छापलं अन् मानूस नसन, तं मांडवात लोकं हासतीन. कै. छापलं अन् मानूस असन, तं मी त्याले जित्तापनी मारलं ना. तुमी आज त्याईले बरोबर पाहून घ्या. शनवारी सांगजा."

मी म्हटलं, "शनिवारी सांगते."

*

गुरुवारी दुपारी जुन्या डब्यातले सगळे नियम आम्ही कागदावर काढले. नव्या डब्यात काय न्यायचं, काय टाकायचं, हे ठरवायला. ओमप्रकाश बोट फिरवत ओळी वाचत होता. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"ये देखो, दीदी. कोणीतरी हातानं लिहिलेलं आहे. तीनसौ उन्नीस आला नाही तरी आला समजा. हमेशा के लिए. आणि बाजूला काहीतरी टिपण आहे, मराठीत."

टिपण इंग्रजी अक्षरांत होतं. "पाऊस संपेपर्यंत."

ते मी लिहिलं होतं.

लिहिलेलं पाहिल्याबरोबर आठवलं. गाव उठायच्या आधीचा पावसाळा. मांडवघाटची लाइन दिवसातून दहा वेळा तुटायची आणि प्रत्येक वेळी नाकेदार मारोतरावांचं नाव खोडायचा. मग जोडणी पुन्हा आली तरी पाचदहा मिनिटं त्यांना कोणाचा फोन लागायचा नाही. मी पुस्तिकेत शोधशोध शोधून एक ओळ लिहिली होती. हा दिसला नाही तरी आहेच असं धर. ओळ चालली, मी खूश झाले, बाजूला टीप लिहिली, पाऊस संपला की काढीन. पाऊस संपला, गावही संपलं, ओळ राहिली.

"आणि घंटी?" मी विचारलं. "लावला तर घंटी वाजायची."

"वो तो डब्बा खुद बजाता है. समोरून उत्तर आलं नाही तर लावणाऱ्याच्या कानात स्वतःच ट्रिंग ट्रिंग करतो, म्हणजे लाइन मेली असं वाटू नये." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दीदी, पानी लाऊ का?"

सहा वर्षं मी माझ्याच हातानं लावलेला ठिपका पाहून त्या बाईला तिचा नवरा हजर आहे म्हणून सांगत होते. शिकवलं कोणी नाही तर असंच होतं, माणूस आपली चूक आपणच शोधून काढेपर्यंत ती सुखात नांदते.

"ही ओळ नव्यात न्यायची का?" ओमप्रकाशनं विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं. त्यानं पुढे काही विचारलं नसतं. शनिवारी मी "हजर" म्हटलं असतं, पत्रिकेवर श्री छापलं गेलं असतं, आणि लग्नाच्या दिवशी बायजाबाई मांडवाच्या दाराशी उभी राहून रस्त्याकडे पाहत बसली असती.

"नको," मी म्हटलं. "खोड."

शुक्रवारी दुपारी, ओपीडी आटोपल्यावर, एक एक केंद्र खेड्यांच्या वेशीवरच्या नव्या डब्याकडे वळवलं. जुन्या स्क्रीनवरचे ठिपके करडे होत गेले. तीनशे एक, दोन, तीन. शेवटी एकच हिरवा उरला. ओमप्रकाशनं जुन्या डब्याची वायर काढली, पंखा घरघरत थांबला. माझ्या स्क्रीनवर ते चित्र तसंच गोठून राहिलं. सव्वीस करडे, एक हिरवा. तो म्हणाला, "अब ये सिर्फ फोटो है, दीदी." मी स्क्रीनच बंद केला.

घरी मार्तंडरावांनी विचारलं, "काय गं, आज गप्प?" मी म्हटलं, उद्या एका बाईला वाईट बातमी सांगायची आहे. ते म्हणाले, "मग आज नीट जेव." जेवले. वाक्य मनात घोळवत राहिले. बायजाबाई, माझी चूक झाली. बायजाबाई, कै. लावा. त्या वीस सेकंदांचं मात्र एकही वाक्य जुळेना.

*

शनिवारी आठला मी बसले. ओमप्रकाश बाजूला लॅपटॉप उघडून, नव्या डब्याची नाडी बघत. यादी स्वच्छ होती. तीनशे अठरानंतर तीनशे वीस. सगळे हजर. कळमेश्वरच्या सिस्टर म्हणाल्या, आवाज कसा घरातल्यासारखा येतो आहे. मी शेवटचा नंबर लावला.

"हजर," बायजाबाई म्हणाली. मला तिच्यामागे चहा उकळल्याचा, काजलनं कप मांडल्याचा आवाज येत होता. "अन् तीनशे एकोनीस?"

मी तोंड उघडलं, आणि यादी हलली.

तीनशे अठराच्या खाली आणखी एक ओळ आली होती. तीनशे एकोणीस. हिरवा ठिपका. पुढे, पुन्हा येऊन सांगायच्या मुदतीचे सेकंद उलटे मोजले जात होते, एकोणसाठ, अठ्ठावन्न. जुन्या डब्यात माझ्या खोट्या ओळीपुढे असे सेकंद कधीच नव्हते. हे जो स्वतः येऊन सांगतो, त्याच्यापुढेच येतात.

मी ओमप्रकाशची बाही ओढली. त्यानं पाहिलं, मफलर सारखा केला.

"पासवर्ड बरोबर दिला आहे," तो हळूच म्हणाला. "त्या मशीनचाच आहे. कोणाला तरी गाळात सापडला असेल, भंगारवाल्यानं विकला असेल, कोणीतरी लावून बघतो आहे."

"कुठून?"

"पत्ता तो मोबाइल नेट का है. कुहीपासून भंडाऱ्यापर्यंत कहीं भी."

"म्याडम?" कानात बायजाबाई. "हाये का?"

"थांबा, बायजाबाई. ठेवू नका." मी तिला एका कळीवर धरून ठेवलं आणि दुसऱ्या कळीवर तीनशे एकोणीस लावला.

या वेळी घंटी एकदाच वाजली. उचलला.

"नागपूर," मी म्हटलं. सहा वर्षांपूर्वी म्हणायचे तसंच. "मांडवघाट, हजेरी."

माझाच आवाज परत आला. मांडवघाट, हजेरी. जरा उशिरानं, जरा ओलसर.

आता, प्रतिध्वनी म्हणजे काही भूत नव्हे. समोरच्या फोनमधून माझा आवाज बाहेर पडतो, खोलीत फिरतो, त्याच फोनच्या तोंडातून परत येतो. तीस वर्षांत मी खोल्या कानानं ओळखायला शिकले आहे. स्लॅबची खोली वेगळी, कौलांची वेगळी, पडदे असलेली वेगळी. ही खोली टिनाच्या छपराची होती. लहान. आत एक टेबल असावं. आणि मागे बारीक, अखंड, लसींचा जुना फ्रिज घुमत होता. तो फ्रिज गेल्या वर्षी नव्या केंद्रातूनही मोडीत निघाला. त्याच्या घुमण्यात दर दहा सेकंदांनी एक उचकी असायची. मी मोजलं. उचकी आली.

मग जाळीवर बोटाचं पेर वाजलं. टक टक.

ओमप्रकाश काहीतरी विचारत होता, मला त्याचे नुसते ओठ दिसत होते.

"मारोतराव," मी म्हटलं, "पत्रिकेत..." त्यांना काय विचारणार होते मी? तुम्ही आहात का नाही? आणि आलेलं उत्तर बायजाबाईला माझ्या शब्दांत सांगणार होते? सहा वर्षं तेच तर केलं होतं. त्यांच्या मधोमध बसून इकडचं घेतलं, तिकडे दिलं, आणि जे दिलं ते माझं होतं.

ऑपरेटरच्या पाटीवर एक कळ असते. दोन्ही लाइनी एकमेकींना जोडायच्या आणि आपण बाहेर पडायचं. मी पहिल्या कळीवर जाऊन म्हटलं, "बायजाबाई, तुम्हीच विचारा. जोडून देते."

तिनं एक श्वास घेतला. "द्या."

मी कळ दाबली आणि हेडसेट काढून टेबलावर पालथा ठेवला. जोडून दिल्यावर ऐकायचं नाही, हा ऑपरेटरचा धर्म आहे. तो मी आजवर कधी मोडला नाही, आणि त्या सकाळी मोडण्याची हिंमतही नव्हती.

स्क्रीनवर दोन नंबर शेजारी शेजारी होते. ३१९, ३२७. वेळ चालली होती. एक मिनिट. दोन. ओमप्रकाश जागचा हलला नाही. चार मिनिटं अकरा सेकंदांनी कॉल संपला. ठेवला कोणी, तेही नाकेदार लिहून ठेवतो. तीनशे एकोणीसनं ठेवला होता.

ठिपका आणखी काही सेकंद हिरवा राहिला. या वेळी मुदत वाढली नाही, शून्यावर आली, आणि ओळच निघून गेली. तीनशे अठरा, तीनशे वीस.

ओमप्रकाशनं त्या कॉलचा हिशेब उघडला. आवाजाचे तुकडे करून डबा पाठवतो, सेकंदाला पन्नास, आणि प्रत्येक तुकडा मोजतो. तीनशे सत्तावीसकडून आलेले, साडेबारा हजारांच्या वर. तीनशे एकोणीसकडे गेलेले, तितकेच. तीनशे सत्तावीसला दिलेले, तितकेच. तीनशे एकोणीसकडून आलेले, शून्य.

"नया डब्बा है," तो म्हणाला. "गिनती बिघडली असेल."

"बाकीच्या पंचवीस कॉलांची?"

त्यानं पाहिली. बरोबर होती.

"उधर से कुछ आया ही नहीं," तो स्वतःशीच म्हणाला. "फिर उस बाई को दिया क्या?"

नाकेदार स्वतःचं काही बोलत नाही. घेतो तेच देतो. हे त्यालाही माहीत होतं, म्हणून त्यानं लॅपटॉप मिटला आणि चहाला गेला.

*

साडेअकराला बायजाबाईचाच फोन आला. आवाज बसलेला, पण सरळ.

"म्याडम, प्रेसवाल्याले सांगतलं. कै. लावलं."

"ते... ते काही बोलले का?"

"बोलले ना. हळू बोलत, लय दूरून बोलल्यावानी. म्हने, बायजा, आता माही हजेरी घेऊ नोको. सहा वर्स झाले, रोज उठून या लागते म्हने." ती थोडी हसली. मग नाक ओढलं. "मी भांडली पयले. मंग म्हटलं जाऊ द्या, थकला असन मानूस. जावयाचं नाव विचारलं त्यानं. सांगतलं."

मागे काजल रडत होती, किंवा कोणीतरी बाळ रडत होतं. केंद्रात शनिवारी लसीकरण असतं.

"बायजाबाई," मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी..."

"थांबा ना, तुमच्यासाठी निरोप देल्ला. मी तं विसरूनच गेली होती." ती आठवत आठवत, एक एक शब्द मोजून देत म्हणाली, "म्हने, म्याडमले सांगजो, फोन काही आनता नाई आला. टेबलावरच राहून गेला. तुमच्या नावावर येईन तं रागावू नोका म्हने."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली ती मी तशीच राहू दिली.

"कोनता फोन, म्याडम? तुमाले समजलं का काई?"

"समजलं," मी म्हटलं. आणि मग, तिथल्या तिथे, ते वीस सेकंद तिला सांगितले. सगळे. स्टोअरवाले, यादी, माझं बोलणं, त्यांचं "आन्तो ना, त्यात काय."

लाइन जिवंत होती, तिचा श्वास येत होता.

"तरीच," शेवटी ती म्हणाली. "मी म्हनो, असा काहून गेला असन वापस." मग म्हणाली, "लगनाले या लागते तुमाले. मी लय बोलनार हाये तुमाले, पन समोरासमोर. फोनवर नाई."

"येते," मी म्हटलं.

"अन् सोमवारी आठले करा फोन. माही हजेरी हाये अजून."

तिनं ठेवला. ओमप्रकाश चहाचे दोन कप घेऊन दारात उभा होता, आत यावं की नाही या विचारात. मी त्याला हातानं थांब म्हटलं, हेडसेट चढवला आणि तीनशे एकोणीस लावला. नव्या डब्यातल्या ध्वनिमुद्रित बाईनं शांतपणे सांगितलं की हा क्रमांक अस्तित्वात नाही.

मी तोंडाजवळच्या जाळीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं.

"नाही रागावले, मारोतराव," मी म्हटलं, आणि ठेवून दिला.